लांब शिट्टी

गुरुपौर्णिमा झाली की आमच्या मुलुंडच्या सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत गोविंदा पथकाचा सराव सुरू होतो. संध्याकाळी पोरं जमतात, कोणीतरी मोठ्याने गाणी लावतं, गाणी बंद करा म्हणून वॉचमन एकदा ओरडून जातो, आणि मग शिट्टी वाजते. आखूड शिट्टी वाजली तर मी गॅलरीत चहा पीत बसून राहतो. लांब वाजली की कप खाली ठेवला जातो आणि माझे गुडघे आपोआप ताठ होतात. एरवी हे गुडघे डॉक्टरांनी सांगूनही ताठ होत नाहीत. बायको म्हणते, "झाला तुमचा गोविंदा सुरू."

यंदा त्यात मुग्धाची भर पडली. मुग्धा ही आमची मुलगी. तिला ऑफिसात टीम लीड केलंय. आनंद दोन दिवस टिकला, मग चेहरा उतरला. कालपर्यंत जे तिच्याबरोबर डबा खात होते ते आता ती आली की बोलणं थांबवतात म्हणे. परवा माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, तुम्ही कारखान्यात इतकी वर्षं माणसं सांभाळलीत ना? काहीतरी प्रॅक्टिकल सांगा ना. पुस्तकातलं नकोय, पुस्तकं आहेत माझ्याकडे."

मी "बघू, आठवून सांगतो" म्हणालो. आठवायचं काय होतं! मागे शिट्टी वाजतच होती. पण सांगायचं म्हणजे माझ्या तरुणपणीच्या पथकातल्या बाळादादाबद्दल सांगायचं, आणि पोरीसमोर रडणं नको वाटलं.

तेव्हा आम्ही घाटकोपरला राहायचो, पश्चिमेला, डोंगरावर. रस्ता सोडून वर चढायला लागलं की आधी पिठाची गिरणी, मग सार्वजनिक नळ, मग पायऱ्या, आणि पायऱ्या संपल्या की आमची गल्ली. गल्ली कसली, डोंगराच्या अंगावरची एक उतरण. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या खोल्या. आमच्याकडे क्रिकेट कधी रुजलं नाही, कारण चेंडू सुटला की तो थेट खालच्या मैदानात जाऊन थांबायचा आणि तो आणायला कोण जाणार यावर भांडणं व्हायची. घरं बहुतेक कोकणातली. बाप कापडगिरणीत, नाहीतर पूर्वी गिरणीत असलेले. संप होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, आणि तो मिटला की नाही हे कोणी धड सांगत नव्हतं. माणसं सवयीने सकाळी अंघोळ करून, भांग पाडून दारात येऊन बसायची.

बाळादादा त्यातलाच एक. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होता. किडकिडीत, गालफडं बसलेला, आवाज इतका बारीक की भांडणातसुद्धा समोरच्याला "काय म्हणालास?" असं विचारावं लागायचं. घरात बायको शिवणकाम करायची, तिला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. एक मुलगा, महेश. वर्षभर बाळादादाला गल्लीत कोणी फारसं विचारत नसे. गुरुपौर्णिमेला मात्र तो ट्रंकेतून पत्र्याची शिट्टी काढायचा, फडक्याने पुसायचा, गळ्यात घालायचा आणि दारातून बाहेर यायचा. त्या संध्याकाळपासून गोपाळकाल्यापर्यंत आमच्यातल्या धटिंगणातल्या धटिंगणालाही त्याचा शब्द मोडायची टाप नव्हती.

त्या साली आमच्या मनात होती विक्रोळीची हंडी. तिथल्या एका कामगार वसाहतीच्या मैदानात मानाची हंडी बांधायचे, सहा थरांची. आम्ही तोवर पाचच लावत होतो. सहावा थर म्हणजे सगळ्यात वर महेश. वजनाला चिमणी आणि चढायला माकड.

मी सगळ्यात खालच्या थरात. गोविंदाचं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण ते बाहेरून. आतून तो कसा असतो हे खालच्या थरातल्यालाच ठाऊक. गोल करून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकायचे, डोकी आत, मान खाली. मग दिसतात ते फक्त पाय. चिखलाने भरलेल्या पायांचं एक रिंगण. मला आजही दिनूचा चेहरा आधी आठवत नाही, त्याचा वाकडा अंगठा आठवतो. वसंताच्या घोट्यावरचा भाजल्याचा डाग आठवतो. खोबरेल, ओला बनियन, कोणाच्या तरी घरात तळले जाणारे बोंबील, आणि कानाला कान लागलेला असल्यामुळे शेजाऱ्याचा श्वास स्वतःचाच वाटायचा. मग एक टाच गळपट्टीच्या हाडावर बसायची, मग दुसरी, आणि वर काय चाललंय ते फक्त वजनावरून कळायचं.

वर बघायचा मोह कोणाला होत नाही? मला तर फार व्हायचा. मान जरा हलली की बाळादादाचा बारीक आवाज यायचा, "शरद, वर नको बघू रे. वरचा बघूक मी आसंय. तू आपले पाय बघ."

तो बाहेर उभा असायचा. त्याने कधी कोणाच्या खांद्यावर पाय ठेवला नाही आणि कधी स्वतःच्या खांद्यावर कोणाला घेतलं नाही. वसंताला हे खटकायचं. वसंता आमच्यात सगळ्यात ताकदवान, तोंडाने फटकळ. "हा नुसता लांब उभा राहून पिपाणी वाजवणार आणि खांदे मोडणार आमचे!" असं तो उघड म्हणायचा. बाळादादा ऐकून घ्यायचा. उलट उत्तर देताना मी त्याला पाहिलं नाही. पण वसंताला वर जायची हौस होती म्हणून त्याला त्याने पहिली दोन वर्षं खालच्याच थरात उभा ठेवला होता, आणि मग तिसऱ्या वर्षी दुसऱ्या थरावर चढवलं तेव्हा वसंता खालच्यांच्या खांद्यावर पाय असा ठेवायचा की जणू अंड्यावर ठेवतोय. हे त्याला कोणी शिकवलं, ते त्यालाही तेव्हा कळलं नसेल.

रागवायचं असलं की बाळादादा सगळ्यांसमोर रागवायचा नाही. सराव संपला, चणे-गूळ खाऊन झाले, की हळूच म्हणायचा, "दिनू, माझ्याबरोबर नळापर्यंत चल." नळापर्यंत कोणाला नेलं की समजायचं, आज त्याची खरडपट्टी. काय बोलणं झालं ते दोघांखेरीज कोणाला कळत नसे.

आणि उतरणं. आम्हाला चढायची घाई, त्याला उतरवायची काळजी. थर लावायला जेवढा वेळ घेऊ त्याहून जास्त वेळ तो उतरायला घ्यायला लावायचा. हंडी फुटली की खालचे नाचायला लागतात आणि वरचे कोसळतात, हे त्याने पाहिलं होतं. आखूड शिट्टी म्हणजे पुढचा थर चढा. लांब शिट्टी म्हणजे उतरा, जिथे असाल तिथून, काही न विचारता. वरचे सगळे जमिनीला लागल्याशिवाय खालच्याने हात सोडायचा नाही. शेवटी आणखी एक लांब शिट्टी व्हायची, तेव्हा कुठे आम्ही एकमेकांना मोकळं करायचो.

त्या साली सराव आमच्या गल्लीतच व्हायचा. उतरण असल्यामुळे गोलाच्या खालच्या अंगाला आम्ही उंच पोरं. मी, दिनू, आणखी दोघं-तिघं. आम्ही छाती पुढे करून डोंगराच्या दिशेने रेटून उभे राहायचो, नाहीतर सगळा डोलारा पायऱ्यांवर जाईल. महिनाभर रोज रेटून रेटून आमच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. वसंता म्हणायचा, "खालचं मैदान आहे ना मोठं, सपाट? तिथे का नाही जायचं?" बाळादादा म्हणायचा, "आपल्या दारात बरं. बायामाणसांक बघूक मिळतं." आम्हालाही ते बरंच वाटायचं, कारण बघणाऱ्यांत काही जणी अशा होत्या की त्यांनी बघावं.

गोपाळकाल्याला विक्रोळीला टेम्पोतून गेलो. मैदानात ही गर्दी. आधीच्या एका पथकाचा पाचव्यालाच बोऱ्या वाजला होता. आमची पाळी आली. गोल धरला, माना खाली. पायाखाली सपाट, दाबलेली ओली माती, मऊ. मला वाटलं, झकास, आज काय पडत नाही आपण. आखूड शिट्टी. दुसरा थर. आखूड शिट्टी. तिसरा. लोकांचा आवाज वाढत गेला, मग चौथ्यानंतर एकदम कमी झाला. माझ्या डाव्या गुडघ्यात काहीतरी फडफडायला लागलं. मी दात आवळले. महेशची टाच मला लागली नव्हती, तो केव्हाच वर गेला होता, पण गर्दीतून "हात लाव, हात लाव!" असा गलका झाला तेव्हा कळलं की तो हंडीपाशी आहे.

तेवढ्यात लांब शिट्टी वाजली.

त्या क्षणाचं मी काय सांगू? वर थबकल्यासारखं झालं. वसंता दुसऱ्या थरावरून ओरडला, "अरे काय करतो, हाताला आली ना!" पुन्हा लांब शिट्टी. आणि शिकवल्याप्रमाणे आम्ही उतरलो. हळूहळू, एकेक थर, पाय जपून. कोणाला ओरखडाही आला नाही. महेश माझ्या पाठीवरून सरकत जमिनीवर आला, बापाकडे बघून रडायला लागला. पुढे तो सगळ्यांना सांगायचा की बोटं मडक्याला लागली होती. गर्दीने जी हुर्यो केली ती माझ्या कानात आजही आहे. आमच्यानंतर आलेल्या पथकाने हंडी फोडली.

परत येताना टेम्पोत दाटीवाटीने बसलो. सगळे भिजलेले, थंडीने कुडकुडणारे. वाटेत वसंताने तोंड उघडलं. "पोरगा स्वतःचा होता ना वर, म्हणून फाटली तुझी. दुसऱ्याचा असता तर?" महेश तिथेच होता, आईने दिलेला टॉवेल गुंडाळून बसला होता. बाळादादाने त्याच्याकडे पाहिलं, मग आम्हा सगळ्यांकडे.

"चूक माझी आसा," एवढंच म्हणाला.

मी मान वर केली नाही. माझा गुडघा अजून फडफडत होता. मला वाटलं, याने पाहिलं. माझा पाय हलताना याने पाहिला आणि आता स्वतःवर घेतोय. मी घरी गेलो, जेवलो नाही.

पुढच्या गुरुपौर्णिमेला बाळादादाच्या दारातून कोणी बाहेर आलं नाही. वसंताने नवी शिट्टी आणली होती, प्लॅस्टिकची, लाल. खालच्या मैदानावर सराव घेतला, आणि त्या साली आम्ही विक्रोळीची हंडी फोडली. आम्ही नाचत वर आलो तेव्हा बाळादादा दारात बसला होता. हसला, प्रसादाचं दही हातावर घेतलं. त्याला कोणी खांद्यावर घेतलं नाही. पुढे मुलुंडला एका इमारतीत तो लिफ्टमन झाला. मीही मुलुंडलाच राहायला आलो. कधीतरी बाजारात भेटायचा, खाकी शर्ट घातलेला. प्रत्येक वेळी माझ्या ओठावर यायचं, "दादा, तो माझाच पाय होता ना?" आणि मी विचारायचो, "गावाक गेला होतात काय?"

औषधांच्या कारखान्यात मी पॅकिंगला सुपरवायझर झालो. एकदा सीलबद्दल शंका आली म्हणून चालू लाइन मी थांबवली, मोठा माल अडकला. नंतर तपासलं तर काही सापडलं नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर झाडलं. सापडलं नाही याचा अर्थ माझं चुकलं, की माल पुढे गेला नाही म्हणून काही झालं नाही? जे घडलंच नाही त्याचा पुरावा कोण देणार? त्या दिवशी घरी येताना बाळादादाची इतकी आठवण आली की मी त्या इमारतीपर्यंत चालत गेलो. लिफ्टचा दरवाजा उघडा होता, स्टुलावर पेपर होता, तो जेवायला गेला होता. मी परत फिरलो. कंपनीने पुढे मला नेतृत्वाच्या शिबिरालाही पाठवलं, लोणावळ्याला. तिथे डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं, असा एक खेळ होता. सगळे किंचाळत होते. मला हसू आलं आणि मग एकदम रडायला आलं, तेव्हा शिबिरवाल्यांना वाटलं की त्यांचा खेळ फारच लागू पडला.

यंदा आषाढात बाळादादा गेला. तेराव्याला आम्ही जुने सगळे घाटकोपरला वर चढून गेलो, थांबत थांबत. पायऱ्या सिमेंटच्या झाल्यात, पत्र्यांच्या जागी स्लॅब आलेत. उतरण तेवढी तशीच. वहिनी खूप थकल्यात. महेश आता दांडगा, पोट सुटलेला माणूस, डोकं भादरलेलं. फोटोला हार, आणि हाराखाली ती पत्र्याची शिट्टी.

जेवणं झाली. दारात खुर्च्या टाकून बसलो. थोडा वेळ मधुमेह, मुलांची लग्नं, कोण कुठे राहतं. मग दिनू एकदम म्हणाला, "एक सांगू? त्या दिवशी विक्रोळीला माझा खांदा उतरला होता. त्याने बघितलं म्हणून शिट्टी मारली. माझ्यामुळे झालं रे ते."

मी म्हटलं, "काहीतरीच. माझा गुडघा होता तो."

कोपऱ्यातून आणखी एक जण म्हणाला, "मी श्वास सोडला होता यार." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. इतकी वर्षं आम्ही प्रत्येकाने ते एकट्याने वागवलं होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं की बाळादादाने आपल्यावर पांघरूण घातलं.

वसंता खुर्चीत पुढे सरकला. म्हणाला, "मला शिट्टी मिळाली ना, त्याच्या आधी तो माझ्याकडे आला होता. म्हणाला, वसंता, सराव वरच्या गल्लीत घेऊ नको. मला वाटलं, रागाने बोलतोय. गल्लीत आमचं तोंड नको दिसायला म्हणून."

वहिनी उंबऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "राग खंयचो? तेंका खालच्या मैदानात जाऊक नको वाटायचा. थंय चायच्या टपरीवर सगळे गिरणीतले बसत. दिसले की इचारीत, बाळा, गावला काय रे काम? म्हणान वरच घेयत. मगे त्या रात्री माका म्हणाले, माझ्या लाजेपायी आज पोरा मेली असती."

मला आधी कळलंच नाही. मग पायांना कळलं. महिनाभर आम्ही उतरणीवर शिकलो होतो. छाती पुढे, डोंगराच्या दिशेने रेटा. विक्रोळीच्या सपाट मातीवरही आम्ही तसेच रेटत राहिलो, जिथे रेटायला डोंगर नव्हता. कोणाचा गुडघा नाही, कोणाचा खांदा नाही. सगळेच्या सगळे, शिकवल्याप्रमाणे, एका बाजूला जात होतो. आत मान घालून उभ्या असलेल्याला ते दिसणं शक्य नव्हतं. बाहेर एकजण उभा होता. चूक माझी, असं त्याने म्हटलं ते आमच्यावर पांघरूण घालायला म्हटलं नव्हतं. तो खरं तेच सांगत होता आणि आम्ही त्याचा मोठेपणा समजत बसलो. वसंता त्याला भित्रा समजला.

वसंता उठला. डोळे पुसले, आणि गल्लीत मध्यावर जाऊन उभा राहिला. दिनू उठला. मग मी. आम्ही गोल धरला, खांद्यावर हात, डोकी आत. मी आपला खालच्या अंगाला. उतरणीने लगेच ओळखलं मला, छाती आपोआप पुढे गेली. खाली पाहिलं तर पाय. दिनूचा अंगठा तसाच वाकडा. वसंताच्या घोट्यावरचा डाग सुरकुत्यांत बुडालाय. एका पायाला पट्टी बांधलेली. कानाला कान लागले, आणि सगळ्यांचे श्वास धापा टाकल्यासारखे.

मुग्धाला काय सांगायचं ते अजून माझं ठरलेलं नाही. हे सगळं सांगावं लागेल बहुतेक, चण्यागुळापासून.

आम्ही उभे होतो. वर चढायला कोणी नव्हतं, त्यामुळे आखूड शिट्टीची गरज नव्हती. पण सुटायचं कसं? लांब शिट्टीशिवाय हात काढायचा नाही, हे त्याने इतकं अंगात मुरवलं होतं की आधी कोण काढणार ते कोणालाच कळेना. महेश दारात उभा होता. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही, कारण मान वर करायची नव्हती. गल्लीतली नवी माणसं खिडक्यांतून बघत असतील, बघू देत. खांदे दुखायला लागले तरी आम्ही तसेच उभे राहिलो, शिट्टीची वाट बघत.